चिलखत घालून झोप लागते का?

आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याला लहानथोर सगळे ‘काका’ म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, वयाचा मान म्हणून म्हणत असतील. खरं तर हे नाव त्यांना दुसरीत असतानाच पडलं. बाईंनी फळ्यावर काहीही लिहिलं की हा मुलगा हात वर करून विचारायचा, ‘का? का?’ वर्गाने त्याचं काका करून टाकलं, आणि पुढे केस पिकत गेले तसं ते नाव अंगाला बेतल्यासारखं बसलं. सवय मात्र गेली नाही. मी दोन दुकानं सोडून चष्म्याच्या दुकानात बसते, त्यामुळे हे सगळं रोज जवळून बघते.

काकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या बाजूला कापूस पिंजायचं यंत्र, भिंतीला टेकून उभे केलेले फोमचे तक्ते, आणि उजेडाच्या खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन. काकू खोळी शिवतात आणि बोलतात, दोन्ही एकाच वेगाने. काकांच्या भुवयांवर कायम कापूस असतो. गिऱ्हाईक गादी घ्यायला आलं की हे आधी अर्धा तास त्याची चौकशी करतात. कोणत्या कुशीवर झोपता? उशी एक की दोन? पहाटे जाग येते तेव्हा हात बधिर असतो का? लोक वैतागतात, पण गादी चांगली मिळते म्हणून परत येतात.

जुन्या गाद्या उसवल्या की त्यातून काय काय निघतं! केसांच्या पिना, एकेकटे मोजे, एकदा तर कुणाचा तरी खोटा दात. एका वसतिगृहाने टाकून दिलेल्या गाद्यांमधून मात्र एक जाड, रंगीत पुस्तक निघालं. मालक सापडला नाही, म्हणून काकांनी ते वाचायला घेतलं. अक्षर बारीक, तेव्हा चष्म्यासाठी ते माझ्याकडे आले आणि नंबर काढता काढता त्यांनी मला सगळा खेळ समजावला. एकाने गोष्ट चालवायची: जंगल, किल्ला, राक्षस, वाटेतले लुटारू हे सगळं त्याच्याकडे. बाकीच्यांनी प्रत्येकी एक माणूस व्हायचं आणि तो काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार.

“जिंकायचं कसं ते कुठे लिहिलेलंच नाही,” काका म्हणाले. “म्हणजे बघा, संपतच नाही.”

या गोष्टीचाच त्यांना सगळ्यात जास्त आनंद झालेला दिसला.

फासे त्यांनी टपालाने मागवले. पार्सल घेऊन आमचा पोस्टमन आला, त्याने ते कानाशी धरून हलवलं आणि विचारलं, “काय खुळखुळतंय?” एवढं विचारलं आणि तो काकांच्या तावडीत सापडला. अशी आमची चौकडी जमली. काका गोष्ट चालवणारे, काकू चोर, मी जादूगारीण आणि पोस्टमन शिलेदार: डोक्यापासून टाचेपर्यंत पोलादी चिलखत, हातात भली मोठी ढाल. दर रविवारी दुपारी, दुकान बंद करून, कापायच्या टेबलावर.

पोस्टमन तसा अबोल. पन्नाशीचा, शिडशिडीत, लग्न न केलेला, वडिलांबरोबर राहणारा. खेळात शिलेदार पुढे आणि आम्ही मागे, हे ठरलेलं. त्याने कधी हट्ट केला नाही, कधी फाशांवर रागावला नाही. हट्ट केला तो एकदाच.

झालं असं, की जंगलात मुक्काम असताना काकांनी आमच्यावर रात्री लुटारू सोडले. शिलेदार चिलखत काढून झोपलेला. पुस्तकाप्रमाणे चिलखत चढवायला बराच वेळ लागतो, तोवर लुटारू थोडेच थांबणार! बिचारा सदऱ्यावरच लढला आणि मरता मरता वाचला. पुढच्या रविवारी पोस्टमनने बसता बसताच जाहीर केलं, “माझा शिलेदार यापुढे चिलखत घालूनच झोपणार.”

काकांनी पुस्तक उघडलं. “नियम आहे. जड चिलखत घालून झोपणारा सकाळी थकलेला उठतो. धावता येत नाही, वार हलका पडतो.”

“थकू दे.”

“रोज थकशील.”

“रोज थकू दे. काढणार नाही.”

काकू म्हणाल्या, “अरे, आम्ही आहोत ना पहाऱ्याला. मी जागी राहीन.”

“तुम्ही चोर आहात, काकू.”

सगळे हसलो, पण तो हसला नाही. तेवढ्यात काकांच्या कपाळावर ती ओळखीची आठी उमटली. पुस्तकावर बोट ठेवून ते म्हणाले, “थकतो एवढंच लिहिलंय. पण का थकतो? वजनाने? घामाने? की झोपच लागत नाही?”

त्या दिवशी खेळ तिथेच राहिला.

पुढचा आठवडाभर काका याच एका प्रश्नात बुडालेले. नाटकांना कपडे भाड्याने देणारा एक जण बाजारामागे आहे, त्याच्याकडून त्यांनी चिलखत आणलं. छाती, पाठ, खांदे, मांड्या, सगळं पत्र्याचं आणि रुपेरी रंगवलेलं. ते तराजूवर ठेवलं तर फारच हलकं भरलं. मग काकूंनी आतून कप्पे शिवले आणि काकांनी त्यात वाळू भरली, पुस्तकात दिलेल्या वजनाइतकी. हे चाललं असताना त्यांना आणखी एक गोष्ट कळली आणि ते तसेच माझ्या दुकानात धावत आले. मी एका बाईंच्या नाकावर चौकट बसवत होते.

“अहो, चिलखताखाली काय घालतात ठाऊक आहे? जाड, टाके घातलेला, कापूस भरलेला अंगरखा! पत्रा अंगाला लागू नये म्हणून. म्हणजे गादीच की! ते लोक गादी अंगावर घालून फिरायचे!”

चौकटवाल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांना सांगितलं, “शेजारी आहेत. गादीवाले आहेत.” त्यांना तेवढ्याने समाधान झालेलं दिसलं नाही.

अंगरखा काकूंनी दोन दिवसांत शिवला, आणि रविवारी खेळाच्या जागी प्रयोग झाला. आम्ही तिघांनी मिळून काकांना चिलखतात बसवलं. पट्टे आवळायला पोस्टमन, कारण गठ्ठे बांधायची सवय. काका दुकानाच्या फरशीवर, गादीशिवाय, उताणे पडले.

“गादी अंगावरच आहे,” ते छताकडे बघत म्हणाले. “आता कुणी बोलू नका.”

आम्हाला वाटलं, पाच मिनिटांत उठतील. पण काका घोरायला लागले. काकू मान हलवत कुजबुजल्या, “यांना काट्यांवर टाकलं तरी हे घोरतील. भलत्या माणसावर प्रयोग केला.” आम्ही चहा करून प्यायलो. बऱ्याच वेळाने काकूंनी ठरल्याप्रमाणे स्टीलचं ताट फरशीवर आपटलं आणि ओरडल्या, “लुटारू!”

काका जागे झाले, पण उठता येईना. एक हात हवेत, एक पाय हवेत, आणि पत्र्याचा खडखडाट. उलटलेलं कासव दिसतं तसं सगळं दृश्य. कुशीवर वळायला गेले तर खांद्याचा पत्रा हनुवटीत रुतला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी ते म्हणाले, “काढा रे हे,” आणि तेव्हा दिसलं की सगळे पट्टे पाठीमागे. त्यांचा हात एकाही पट्ट्यापर्यंत पोचत नव्हता.

चिलखत निघालं. काकांनी पाठ चोळत, भुवईवरचा कापूस झटकत निकाल दिला. “झोप लागते. पण कूस बदलता येत नाही, आणि रात्रभर कूस न बदललेला माणूस उठतो तो अर्धाच उठतो. म्हणून थकतो. नियम बरोबर आहे.”

“तसं नाही,” पोस्टमन म्हणाला.

तो पट्ट्यांची घडी घालत होता. मान वर न करता म्हणाला, “सवयीने कूसही बदलता येते. आणि थकवा त्याने येत नाही. झोपेतसुद्धा कान उघडा असतो, त्याने येतो.”

“तुला काय माहीत? तू कुठे चिलखत घालून झोपलास?”

“चिलखत नाही. बूट.”

मग त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. वर्ष उलटून गेलं, त्याचे वडील रात्री उठून बाहेर पडतात. कडी काढतात, कुलूप लावलं तर दार ठोठावत बसतात, शेजारी उठतात. दोनदा ते थेट हमरस्त्यावर सापडले. म्हणून हा बाहेरच्याच कपड्यांत झोपतो, पायात बूट, खिशात टॉर्च आणि किल्ल्या, दाराला पाठ लावून. वडील हलले की हा उभा. आणि सकाळी पुन्हा टपालाची पिशवी.

मी म्हणाले, “अरेरे.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका मात्र स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. “नाड्या बांधलेल्या असतात की सुट्या?”

“बांधलेल्या. सैल.”

“पाय सुजतात?”

“डावा.”

“स्वप्नं पडतात?”

पोस्टमनने जरा विचार केला. “पडतात. पण सगळी चालण्याचीच.”

“कुठे चालत असतोस?”

काकूंनी डोळ्यांनी दटावलं, पण मी पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होते. तो खुलत चालला होता. दाराला पाठ लावली की गार वारा फटीतून कसा मानेवर येतो, कडीचा आवाज झोपेत कसा वेगळा ओळखू येतो, पावसात मात्र कसा घोटाळा होतो, सगळं तो सांगत सुटला. नंतर एकदा तो मला म्हणाला, “ज्याला सांगावं तो अरेरे म्हणतो आणि तिथेच बोलणं संपतं. काकांना खरंच जाणून घ्यायचं होतं.” ‘अरेरे’ म्हणणारी मीच होते, पण त्याच्या ते लक्षात नसावं.

सगळ्यात शेवटी काकांनी विचारलं, “आणि ते जातात कुठे?”

“कोण?”

“वडील. रात्री उठून निघतात ते कुठे जायला?”

“ते मी कधी विचारलं नाही,” तो म्हणाला. “परत आणायचीच घाई असते.”

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी काका आणि मी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, नीटनेटक्या. दाराशी गुंडाळून ठेवलेली सतरंजी. त्याचे वडील, आमच्या तोंडी आजोबा, खुर्चीत ताठ बसलेले, दाढी केलेली, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. पोस्टमन हळूच म्हणाला, “काका, त्यांना फारसं काही आठवत नाही.”

“विचारून तर बघू.” काका त्यांच्याशेजारी जाऊन बसले. “आजोबा, रात्री कुठे निघता?”

आजोबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू काय वेड्यासारखा प्रश्न. “कुठे म्हणजे? कामावर. तिसरी पाळी.”

ते कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होते, हे पोस्टमनने आम्हाला सांगितलेलं होतं. कारखाना बंद पडून जमाना झाला.

“तिथे काय करायचं असतं?”

“काचेत पाणी किती ते बघायचं. वाफेचा काटा बघायचा. नजर हलवायची नाही.”

“मग घरी कधी यायचं?”

“बदलीवाला आला की.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“तर नाही यायचं. पेटता बॉयलर सोडून कोण येतं? उडेल ना!”

काका आवाज खाली आणून म्हणाले, “सध्या येतो का बदलीवाला?”

आजोबांचा चेहरा उतरला. “कुठला येतोय! किती दिवस झाले. ऑफिसात सांगितलं, कुणी ऐकत नाही.” आणि त्यांनी दाराकडे बघितलं.

पोस्टमन भिंतीला टेकून उभा होता. तो हळूहळू तसाच खाली बसला.

काका उठले, सदरा झटकला. “मीच तो बदलीवाला. उशीर झाला, माफी असावी. चार्ज द्या.”

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “लायसन्स?”

काकांचं तोंड उघडंच राहिलं. लुटारू, राक्षस, बोलणारी झाडं, सगळं झटकन रंगवणारा माणूस, पण लायसन्सपाशी अडकला. मी म्हणाले, “ऑफिसात जमा केलंय. मी स्वतः बघितलं.”

“मग ठीक.” आजोबा सरसावून बसले. “पाणी अर्ध्या काचेवर आहे. दोन नंबरच्या व्हॉल्व्हला गळती आहे, फडकं बांधलंय, त्याला हात लावू नका. काट्यावर विश्वास ठेवू नका, तो थोडा जास्त दाखवतो.”

“किती जास्त?” काकांनी विचारलं, आणि ते अगदी मनापासून विचारत होते.

आजोबांनी सांगितलं. मग ते उठले, मोरीवर गेले, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, टॉवेलने एकेक बोट पुसलं आणि जाऊन पलंगावर आडवे झाले.

परतताना काका नेहमीसारखे बडबडत नव्हते. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना विचारलं, “आपण म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोललो का?”

काकू म्हणाल्या, “दर रविवारी तुम्ही राक्षस होता, तेव्हा नाही वाटलं?”

“ते राक्षस तुम्हाला ठाऊक असतात ना.”

एवढं मात्र खरं, की त्या रात्री आजोबा उजाडेपर्यंत झोपले. पोस्टमन मात्र टक्क जागा राहिला, बूट घालून, कडी वाजते का ऐकत.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बदलीवाला व्हायचा प्रयत्न केला. आजोबा म्हणाले, “तू? तुला बॉयलर कोण देईल? अभ्यास कर.” मग काकाच जायला लागले, जमेल त्या संध्याकाळी. जमणार नाही तेव्हा फोन. एकदा काका आजारी होते म्हणून मी फोन केला. पलीकडून आजोबा म्हणाले, “बायकांना घ्यायला लागले होय? चांगलं झालं. त्या नजर हलवत नाहीत.” आणि मला दोन नंबरच्या व्हॉल्व्हची ताकीद दिली.

रोज जमायचं असं नाही. काही रात्री ते चार्ज देऊनही उठायचे, विश्वास न बसल्यासारखे, आणि पोस्टमन टॉर्च घेऊन मागे जायचा. पण अशा रात्री कमी झाल्या. काही आठवड्यांनी एका रविवारी पोस्टमनने पत्ते सांगावेत तशा सुरात सांगितलं, “काल एक बूट काढून झोपलो.”

“एकच?” काकू म्हणाल्या.

“उजवा. डावा अजून होत नाही.”

काका पुढे झुकले. “उजवाच का?”

पोस्टमनने खरोखर विचार केला. पाय टेबलाखाली हलवून बघितला. “काय माहीत! उठताना आधी डावा पाय टाकतो, म्हणून असेल.” आणि तो इतका हसला, की फासे खाली पडले.

शिलेदाराचा नियम मग काकांनी नव्याने लावला. पुस्तकातला थकवा कायम. पण ज्याच्यावर भरवसा आहे असं कुणी पहाऱ्यावर असेल, आणि पाठीमागचे पट्टे सोडायला कुणी असेल, तर चिलखत काढून झोपावं, पूर्ण विश्रांती मिळेल. पोस्टमनने विचारलं, “चोर चालेल?” काकू म्हणाल्या, “लाडाने विचारतोयस तर चालेल.” पट्टे सोडायचं काम माझ्या जादूगारिणीकडे आलं.

पुढे तो शिलेदार मेलाच. भर दिवसा, नदी ओलांडताना, चिलखतासकट बुडाला. आम्हीच म्हटलं होतं, पाणी उथळ दिसतंय. पोस्टमनला वाईट वाटलं असेल, पण त्याने लगेच नवीन माणूस घेतला, एक भटका वैद्य, खांद्यावर झोळी आणि बाकी काही नाही.

आजोबांचं म्हणाल तर, थंडी सरता सरता एका संध्याकाळी काका नेहमीसारखे चार्ज घ्यायला गेले. मीही होते. आजोबांनी पाणी सांगितलं, काटा सांगितला. मग हात धुवायला उठता उठता थांबले.

“उद्यापासून मी येणार नाही,” ते म्हणाले. “रजा टाकलीये.”

“किती दिवसांची?” काकांनी विचारलं.

आजोबांनी क्षणभर मुलाकडे बघितलं. तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता, अनवाणी.

“बघू,” ते म्हणाले. “भरपूर शिल्लक आहे.”

त्यानंतरही ते कधीमधी रात्री उठतात, पाणी पितात, खिडकीतून बघतात आणि परत जाऊन झोपतात. काका अजूनही दर आठवड्याला त्यांच्याकडे जातात. चार्ज घ्यायला नाही. गळका व्हॉल्व्ह कसा दुरुस्त करायचा, हे त्यांना अजून नीट कळलेलं नाही.